राईनपाडा : शेवट कापलेली चित्रफीत आणि कुणी न वाचलेली माणसं

१ जुलै २०१८. रविवार, म्हणजे राईनपाड्याच्या बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे हे आदिवासी गाव आहे. सकाळी तिथे पाच जण एसटीतून उतरले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. पिंपळनेर परिसरात पालं टाकून ते आजूबाजूच्या गावांत भिक्षा मागत फिरत होते. त्यांच्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. तेवढ्यावरून ओरड उठली, मुलं पळवणारी टोळी आली. बाजाराला आलेली माणसं धावली. पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, कोंडलं, आणि मग जमाव दार तोडून आत शिरला. पाचही जण मेले. सोडवायला आलेल्या पिंपळनेरच्या पोलिसांनाही मार बसला.

त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं. त्यांच्यात एक लहान मूलही होतं. तिथे पोलीस वेळेत पोचले म्हणून ती माणसं वाचली. त्याआधीच्या दीड महिन्यात आसामात कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुण, बेंगळुरूत एक परप्रांतीय मजूर, असे बळी देशभर पडत होतेच.

भावी शिक्षकांच्या वर्गात मी हे प्रकरण दर वर्षी घेते. घेताना त्रास होतो, तरी घेते. कारण या घटनेबद्दल जिथे तिथे एकच वाक्य ऐकू येतं, ‘व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेमुळे पाच जणांचा बळी गेला’. ते वाक्य म्हटलं की विषय संपतो. पण अफवा कशी रचलेली होती, ती कुणी कशी वाचली, आणि समोर उभ्या असलेल्या पाच माणसांना कुणालाच का वाचता आलं नाही, हे प्रश्न तसेच राहतात. माझं म्हणणं असं की त्या भागातल्या लोकांना वाचता येत नव्हतं असं नाही. चित्र, आवाज, निरोप आणणाऱ्याचं नातं, अनोळखी माणसाचा पेहराव, हे सगळं ते वाचत होते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने. मोबाइलवर आलेला मजकूर नेमका त्याच वाचनाला गाठेल असा बेतलेला होता.

मोबाइलवर काय फिरत होतं

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक नीट पाहण्यासारखी आहे. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत. कॅमेरा उंचावर, एका जागी स्थिर. दुकानाबाहेर लावलेल्या सीसीटीव्हीतून दिसावं तसं चित्र, थोडं धुरकट. मोटारसायकलवर दोघे येतात, मुलांजवळ हळू होतात, मागचा वाकून एका पोराला उचलतो आणि गाडी निघून जाते. बाकीची मुलं मागे धावतात. चित्रफीत इथे संपते.

मूळ चित्रफीत इथे संपत नव्हती. ती पाकिस्तानातल्या कराचीतली, ‘रोशनी हेल्पलाइन’ या बेपत्ता मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी केलेली, जनजागृतीची जाहिरात होती. पुढच्या काही सेकंदांत तीच मोटारसायकल परत येते, पोराला खाली उतरवते, आणि स्वार एक फलक उलगडून दाखवतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल उचलायला क्षणभर पुरतो, अशा अर्थाचा तो मजकूर. आईबापांनी मुलांकडे लक्ष द्यावं म्हणून केलेली गोष्ट होती ती. कुणीतरी परतीचा भाग आणि फलक कापला. उरलं ते अपहरणाचं ‘पुरावा’ म्हणून दाखवता येईल असं चित्रण.

हे कापणं फार साधं होतं. एकही पिक्सेल बदललेला नाही, खोटं चित्र जोडलेलं नाही, आवाज बदलायचीही गरज नाही. मुळातली प्रत्येक चौकट खरीच आहे. म्हणून ‘फोटोशॉप केलंय का ते बघा’ असा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. खोटेपणा चित्रात नाहीच, तो जे काढून टाकलं त्यात आहे, आणि काढून टाकलेली गोष्ट कुणालाही पडद्यावर दिसत नाही. शिवाय जाहिरात करणाऱ्यांनी सीसीटीव्हीचा भास मुद्दाम निर्माण केला होता, पाहणाऱ्याला धक्का बसावा म्हणून. त्यांचं ते कसबच पुढे अफवेच्या कामी आलं. स्थिर, उंचावरचा, रंग उडालेला कॅमेरा म्हणजे खरं चित्रण, हे आपण सगळे टीव्हीवरच्या बातम्यांतून शिकलो आहोत. ही दृश्य साक्षरताच आहे. ती आपल्याकडे होती म्हणूनच आपण फसलो.

मालेगाव-धुळ्याच्या पट्ट्यात फिरलेल्या मजकुरात आणखी एक चित्र होतं, कपड्यांत गुंडाळून ओळीने ठेवलेली मुलांची प्रेतं. सोबत अवयव काढणाऱ्या टोळीची गोष्ट. ते छायाचित्र सिरियातलं होतं, ऑगस्ट २०१३मध्ये घूटा भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरचं. सत्यपडताळणी करणाऱ्यांनी ते शोधून काढलं. पण तोवर पाच वर्षांपूर्वीची, हजारो कोसांवरची ती मुलं ‘आपल्या भागातली’ झाली होती.

तिसरा प्रकार आवाजाचा. बोलून ध्वनिमुद्रित केलेले निरोप. लिखित मजकुरापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचे वाटतात. साक्रीच्या पश्चिमेला घरात भिली, कोकणी, मावची बोलतात, बाजारात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी. छापील मराठी तिथे सरकारी कागदाची भाषा आहे. आवाज मात्र शेजाऱ्याचा असतो. बोली, हेल, घाबरलेला श्वास, मधेच ‘बरं का’ म्हणून थांबणं, यातलं काहीही कागदावर येत नाही आणि आवाजात सगळं येतं.

पटवण्याची कारागिरी

ॲरिस्टॉटलने पटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. कॉलेजात हे भाषणकलेच्या संदर्भात शिकवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मोबाइलवरच्या मजकुराला हीच मोजपट्टी लावून पाहिली की गोष्टी स्पष्ट दिसायला लागतात.

पत कुणाची? मजकूर ज्याने रचला त्याचं नाव नाही. पुढे ढकलताना मूळ पाठवणारा गळून पडतो आणि त्याच्या जागी मामाचं, शाळेतल्या दोस्ताचं, ऊसतोडीला सोबत असलेल्या मुकादमाचं नाव येतं. म्हणजे अनोळखी माणसाचं म्हणणं ओळखीच्या माणसाची पत वापरून चालतं. छापील वर्तमानपत्रात संपादक असतो, त्याच्यावर खटला भरता येतो. सभेत वक्ता समोर उभा असतो. इथे वक्ता नाहीसा होतो आणि त्याची जागा नातेवाईक घेतो. डिजिटल वक्तृत्वातली ही सर्वांत मोठी उलथापालथ आहे असं मला वाटतं, आणि तिच्याबद्दल आपण मुलांना जवळपास काहीच सांगत नाही.

भावना तर उघड आहे. पण तिच्यासोबत एक आज्ञा येते : पुढे पाठवा. हा मजकूर वाचणाऱ्याला ‘हे खरं आहे का’ असं विचारत नाही. ‘तू आईबाप म्हणून तुझं काम केलंस का’ असं विचारतो. पुढे पाठवायला काही लागत नाही. न पाठवलं आणि उद्या काही झालं तर दोष आपल्यावर. अशा मांडणीत शंका घेणारा माणूस निष्काळजी ठरतो आणि घाईने पुढे ढकलणारा जबाबदार. चांगुलपणाचाच वापर करून घेतला जातो. पाठवणाऱ्यांतले बहुतेक लोक कुणाचं वाईट व्हावं म्हणून पाठवत नव्हते, हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रकरणात पुढे जाता येत नाही.

युक्तिवादाचा भाग छोटा आहे पण हुशारीचा. गावांची नावं बदलली जातात. एका भागात फिरलेला मजकूर दुसऱ्या भागात पोचतो तेव्हा त्यात तिथल्या तालुक्याचं नाव असतं, भाषा तिथली असते. तेलंगणात आणि आंध्रात तेलुगूत, इकडे मराठीत आणि अहिराणीत. पुराव्याची जागा जवळिकीने भरून काढायची, अशी ती रीत.

झोळी

आता दुसरं वाचन, माणसांचं. याच्यावर वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जावाच.

डवरी गोसावी दारोदार फिरून भिक्षा मागतात. नाथपंथी परंपरा, भगवा फेटा किंवा उपरणं, डौर किंवा डमरू, खांद्याला झोळी. मंगळवेढ्याच्या आसपासच्या गावांत त्यांची घरं आहेत, पण वर्षाचा मोठा भाग बिऱ्हाड पाठीवर. राज्याच्या यादीत ते भटक्या जमाती ‘ब’मध्ये येतात. एके काळी गावोगावच्या लोकांना या माणसाचं येणं वाचता यायचं. कुठल्या ऋतूत येतो, काय गातो, काय द्यायचं, काय बोलायचं, हे घरातल्या बाईला ठाऊक असायचं. त्याच्या डमरूचा आवाज हीच त्याची ओळखपत्रिका होती.

ती ओळख पुसट होत गेली. भटक्यांचं येणं कमी झालं. पुढच्या पिढीने पँट-शर्ट घातला. गावातली तरुण मुलं कामाला सुरतेकडे, साखर कारखान्यांवर जाऊ लागली. शिल्लक राहिली ती एकच जुनी गोष्ट, जेवत नसलेल्या पोराला दाखवायची भीती : झोळीवाला बाबा येईल आणि झोळीत घालून नेईल. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे वाक्य बोललं गेलं आहे, अगदी मायेने. पुलाच्या पायात मूल पुरतात, या जुन्या वदंतेलाही मोबाइलची गरज कधी लागली नव्हती. नव्या चित्रफितीने भीती निर्माण केली नाही. तिने त्या भीतीला चेहरा दिला आणि तारीख दिली. ‘आपल्याकडे आले आहेत’, बस्स.

याच्याही मागे एक कायदा आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी भटक्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, पोलिसांचा दाखला, गाव सोडायला परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, नजर गेली नाही. २०१८च्या तेलंगणातल्या अफवांमध्ये ‘पारधी टोळी’ हे नाव होतं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारी कागदावर चिकटवलेली चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर जशीच्या तशी वापरात होती. अनोळखी भटक्याला संशयाने वाचायचं, हे समाजाला प्रशासनाने शिकवलेलं आहे. तीही एक साक्षरता, वाईट साक्षरता.

आणि आदिवासी बाजूचं काय? बाहेरून येणाऱ्या माणसाकडून साक्री-नवापूरच्या पट्ट्याला फारसं चांगलं काही मिळालेलं नाही. सावकार, जंगलखात्याचा माणूस, मजूर गोळा करणारा. कामासाठी आईबाप गुजरातेत, पोरं आजीकडे. अशा घरात मुलाविषयीची भीती खोटी नसते. माणसं मारण्याचं समर्थन यातून कुणी करू नये. पण ती भीती कुठून आली हे न बघता ‘अडाणी जमाव’ म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. दोन सर्वांत दुबळे समूह त्या खोलीत एकमेकांसमोर आले आणि दोघांनाही एकमेकांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

अडाणीपणा हे कारण पुरतं का

शिक्षण वाढलं की हे थांबेल, असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर एका दिवसात पसरली, तेव्हा ती पसरवायला घरोघरचे फोन होते आणि ते फोन शिकलेल्यांच्याच घरात होते. मूर्तीसमोर चमचा धरून उभ्या असलेल्या रांगेत डॉक्टर होते, बँकेतले अधिकारी होते.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि झुंडीची हिंसा यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी ते महाराष्ट्रातही फिरले होते. त्यांचं म्हणणं असं की खोटा मजकूर पुढे पाठवणारे बरेच जण मोबाइल उत्तम हाताळणारे असतात. आधीपासून मनात असलेल्या पूर्वग्रहाला तो मजकूर जुळतो म्हणून ते पाठवतात, तंत्र कळत नाही म्हणून नव्हे. राईनपाड्याला हे सरसकट लावता येणार नाही, तिथली परिस्थिती वेगळी होती. पण ‘बटण कसं दाबायचं ते शिकवा’ या उपायाची हवा त्याने काढून घेतली आहे हे नक्की.

न्यू लंडन ग्रुप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा अभ्यासकांनी १९९६मध्ये बहुविध साक्षरतेची कल्पना मांडली. लिहिता-वाचता येणं ही एकच साक्षरता नाही, चित्र, आवाज, हावभाव, जागेची रचना या सगळ्यांतून अर्थ तयार होतो, आणि भाषाही एकच नसते, असं ते म्हणत होते. तेव्हा स्मार्टफोन नव्हता. आज हे विधान फार उघड वाटतं. पण आपल्या शाळेत मराठीच्या तासाला उताऱ्यावरचे प्रश्न असतात, चित्रफितीवरचे नसतात. मुलगी रोज जे सर्वांत जास्त वाचते, त्याबद्दल तिला कुणीच काही विचारत नाही.

कंपनीने काय केलं

राईनपाड्यानंतर माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअ‍ॅपला खडसावलं. १० जुलैला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या आणि पुढे ढकललेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असं लिहून येऊ लागलं. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आली, जानेवारी २०१९मध्ये ती जगभर लागू झाली. अनेकदा ढकललेल्या निरोपावरचा दुहेरी बाण नंतर आला. एप्रिल २०२०मध्ये अनेकदा ढकललेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. दरम्यान १७ जुलै २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत राज्यांना जिल्हावार अधिकारी नेमण्यासह सविस्तर निर्देश दिले.

हे बदल उपयोगी होते. ‘फॉरवर्डेड’ हा शब्द म्हणजे निदान एवढी कबुली की हे मामाचं म्हणणं नाही, मामाने फक्त ढकललंय. एकाच्या जागी दुसऱ्याची पत वापरली गेली, हे थोडं तरी उघडं पडतं. पण बाण म्हणजे काय हे ज्याला सांगितलेलंच नाही, त्याच्या दृष्टीने ती एक नक्षी. किंवा उलट, इतक्यांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार, अशी खूण.

एका वेळी एकच ठिकाण, हा नियम आला एप्रिल २०२०च्या पहिल्या आठवड्यात. १६ एप्रिलच्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदी होती, रात्री चोर येतात, मुलं पळवतात, किडनी काढतात अशा वावड्या आदिवासी पाड्यांवर फिरत होत्या. थोडे दिवस आधी त्याच भागात मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवरही हल्ला झाला होता. राईनपाड्यापासून दोन वर्षंही झाली नव्हती. भगवं वस्त्र, अनोळखी गाडी, घाबरलेला पाडा.

गडचिंचल्यात आणखी एक थर चढला. घटनेची चित्रफीत पसरली आणि काही तासांत तिला धर्माचा रंग देणाऱ्या ओळी जोडल्या गेल्या. अखेर राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी पकडलेल्या १०१ जणांची नावं जाहीर केली, त्यात एकही मुसलमान नाही हे दाखवण्यासाठी. म्हणजे अफवेने माणसं मारली गेली आणि त्या मरणावर नवी अफवा रचली गेली, या वेळी पाड्यावर नव्हे तर शहरातल्या शिकलेल्या घरांत.

डप्पू आणि भोंगा

२०१८मध्येच तेलंगणाच्या जोगुलांबा गदवाल जिल्ह्यात वेगळं घडलं. पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी प्रत्येक गावाला एक शिपाई जोडून दिला होता. त्याने गावात जायचं, माणसांशी ओळख ठेवायची. या शिपायांनीच वर कळवलं की लोक अंगणात झोपेनासे झालेत, संध्याकाळीच दारं लावतायत, मोबाइलवर काहीतरी येतंय. मग पोलिसांनी गावोगावी बैठका घेतल्या, डप्पू, म्हणजे तिथला डफ, वाजवून माणसं जमवली, लोकगायकांकडून अफवांवर गाणी म्हणून घेतली, शिपायांना गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घालायला लावलं. शेजारच्या भागांत माणसं मारली जात होती, तिथे अफवेने एकही जीव गेला नाही.

त्रिपुरात सरकारनेही लोकांना सावध करायचं ठरवलं. गाडीवर भोंगा लावून गावोगाव फिरायचं आणि अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगायचं, या कामावर एका माणसाला घेतलं. २८ जून २०१८ला, राईनपाड्याच्या तीन दिवस आधी, सबरूमजवळ जमावाने त्यालाच मुलं पळवणारा समजून ठार मारलं.

ही दोन उदाहरणं मी शेजारी शेजारी ठेवते. दोन्हीकडे मजकूर एकच, अफवेवर विश्वास ठेवू नका. दोन्हीकडे आवाजाचा वापर. फरक बोलणाऱ्याची पत काय होती, यात. गदवालचा शिपाई कुणाच्या ओट्यावर बसून चहा प्यायलेला होता, त्याचं नाव गावाला ठाऊक होतं. सबरूमचा माणूस अनोळखी गाडीतून आला आणि त्याने सांगितलेलं खरं असूनही ऐकणाऱ्यांच्या लेखी तो स्वतःच धोका होता. गदवालमध्ये गाणं आणि डप्पू का लागले, हेही बघायला हवं. ज्या माध्यमातून भीती शिरली, ते माध्यम बोलकं होतं. त्याला छापील पत्रकाने उत्तर देता येत नाही. आपल्याकडे दवंडी होती, गोंधळी होते, वासुदेव होता, डवरी गोसावी होता. गावाला बातमी पोचवणारी ही जुनी माणसं होती, आणि त्यांच्यातल्याच पाच जणांना आपण मारलं. या गोष्टीशी मला अजून तोंड देता आलेलं नाही.

शिकवून काही होतं का

राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये प्रयोग केला. सुमारे बाराशे लोकांना घरी जाऊन, प्रत्येकी तासभर, खोटी बातमी कशी ओळखायची ते समजावलं. सरासरी फरक पडला नाही. हा निष्कर्ष कळला तेव्हा आमच्यासारख्या शिक्षकांना तो झोंबला, पण खरा वाटला. एक तास म्हणजे काय? आयुष्यभराच्या विश्वासाच्या विरुद्ध बाजूला एक तास.

नंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहार सरकारच्या साथीने मोठा प्रयोग केला. ५८३ गावं, तेरा हजारांहून जास्त किशोरवयीन विद्यार्थी, गावातल्या ग्रंथालयांत सुमारे १४ आठवडे चालणारे वर्ग. या वेळी परिणाम दिसला. मुलांची खरं-खोटं ओळखण्याची क्षमता वाढली, काय पुढे पाठवावं याबद्दलचा विचार बदलला, काही महिन्यांनीही तो टिकून होता, आणि वर्गात न आलेल्या पालकांच्यातही थोडा फरक पडलेला आढळला. वेळ, शिक्षक, जागा आणि सोबतची मुलं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांकडे हे सगळं आहे. नाही तो फक्त वेळापत्रकातला तास.

त्या तासात काय करायचं, याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत.

पहिलं, शेवट कापलेली आणि न कापलेली चित्रफीत एकापाठोपाठ एक दाखवायची. आवाज बंद करून. कापलेली आधी. ती पाहून मुलांनी काय घडलं ते लिहायचं, मग दुसरी. ‘ही चित्रफीत सुरू व्हायच्या आधी काय असेल आणि संपल्यावर काय असेल’ हा प्रश्न सवयीचा झाला पाहिजे. ‘खरी की खोटी’ या प्रश्नापेक्षा तो कितीतरी जास्त कामाचा आहे, कारण कराचीची चित्रफीत ‘खरी’ होती.

दुसरं, पान सोडून बाजूला बघणं. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि सत्यपडताळणी करणारे पत्रकार संकेतस्थळं कशी तपासतात याची तुलना केली होती. इतिहासकार समोरचंच पान बारकाईने वाचत बसले आणि फसले. पत्रकारांनी लगेच दुसरी खिडकी उघडून इतर लोक याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. शाळेत आपण ‘लक्ष देऊन वाच’ असंच शिकवतो. इथे लक्ष काढून घेऊन दुसरीकडे बघायला शिकवायचं आहे. पाड्यावर दुसरी खिडकी म्हणजे गुगलच असायला हवं असं नाही. ज्या गावाचं नाव निरोपात आहे त्या गावातल्या पाहुण्याला फोन, पोलीस पाटलाला विचारणं, गुरुजींना विचारणं. छायाचित्र देऊन ते मुळात कुठलं आहे हे शोधायची सोय फोनमध्ये आहेच, ती घूट्याच्या छायाचित्रापुरती दाखवून घ्यायची.

तिसरं, ज्याने पाठवलं त्याला न दुखावता विचारायचं कसं, याचा सराव. आमच्याकडे हा भाग नाटक करून घेतात. मामाने ग्रुपवर टाकलंय, त्याला ‘हे खोटं आहे’ म्हटलं तर तो रुसणार आणि ग्रुपमधली बाकीची मंडळी गप्प बसणार. ‘मामा, हे तुम्हाला कुणाकडून आलं? मला काळजी वाटतेय, त्यांना फोन करून विचारू का?’ असं विचारलं तर मामाची पत शाबूत राहते आणि साखळी एक कडी मागे जाते. पोरं हे फार छान करतात. मोठ्यांशी कसं बोलायचं हे त्यांना आधीपासून येतं, ते या कामाला लावायचं एवढंच.

आणि चौथं, ज्याशिवाय बाकीचं अर्धवट आहे : गावात येणाऱ्या माणसांची ओळख. डवरी गोसावी कोण, डौर कशी वाजते, पारधी कोण, कैकाडी, मसणजोगी, बहुरूपी कोण, ते कुठून येतात, कुठल्या महिन्यांत, त्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात की जात नाहीत. परिसर अभ्यासाच्या वहीत नदी-डोंगरांच्या शेजारी ही पानं हवीत, आणि ती मुलांनी त्या माणसांशी बोलून भरायला हवीत. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हा पाठ सरावासाठी घेतला. तिने आपल्या गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या कुटुंबातल्या आजीला वर्गात बोलावलं. मुलांनी आधी झोळीत काय आहे ते विचारलं. आजीने झोळी उपडी केली. पीठ, दोन कांदे, औषधाची पट्टी आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पोलीस ठाण्याचा दाखला.